एक हात लांब, एक हात रुंद, एक हात खोल

मोबाईल घरीच ठेवा. मोजपट्टीही नको, तिच्यावरच्या रेघा इथे कुणाला कळायच्या नाहीत. सदऱ्याची उजवी बाही मात्र कोपराच्या वर दुमडून घ्या. आज दिवसभराचा सगळा हिशेब तुमच्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जेवढी लांबी भरते, तेवढ्यावर चालणार आहे.

उतरलात? सांभाळून, माती तापली आहे. वैशाख आहे, आणि तोही खानदेशातला. समोर डोंगराची काळपट भिंत, तिच्या पायथ्याशी पाटण. चाळीसगाव इथून जवळ, पण आज तिकडची वाट विचारू नका. आपण आठशे वर्षं मागे आलो आहोत. देवगिरीवर यादव आहेत. ते त्यांच्या जागी असू देत. आपल्याला काम आहे.

आधी नाकात शिरतो तो तिळाचा वास. घाणा फिरतो आहे, बैलाच्या डोळ्यांवर झापडं आहेत, आणि लाकडावर लाकूड घासून निघणारा तो कुरकुरता सूर गल्लीभर भरून राहिला आहे. त्यात ओलं शेण, घामेजलेल्या बैलांच्या पाठी आणि कुठल्याशा चुलीवर करपत आलेली जोंधळ्याची भाकरी. मिरचीचा ठसका शोधू नका. मिरची अजून समुद्रापलीकडे आहे, इथे तिखट म्हणजे मिरे आणि आलं. पेठेत रेटारेटी आहे. गोणीचा कोपरा तुमच्या बरगडीत बसतो, "सरा हो पाहुणे!" असं ओरडत एक बैलवाला पुढे निघून जातो.

जरा बाजूला उभे राहून बघा. तो गिऱ्हाईक पोफळं मोजून घेतो आहे आणि त्यातली पाच वेगळी काढून ठेवतो आहे. ती पाच मठाची. घाणेवाला घाण्यामागे पळीभर तेल काढून ठेवतो, तेही मठाचं. धान्याच्या राशीपाशी बसलेल्या मापाऱ्याच्या हातातलं मापसुद्धा मठाचं. मापाईतला अर्धा वाटा त्याचा, अर्धा मठाचा.

आणि हा मठ आहे गणिताचा. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तो उभा केला. 1207 सालच्या शिलालेखात ही पोफळं, हे तेल, हे माप, सगळं दगडात कोरलेलं आहे. बाजारपेठेने तेलाच्या पळीतून आणि सुपारीतून गणिताची शाळा चालवावी, याचं मला अपार अप्रूप वाटतं. महाराष्ट्रात इतका सुंदर शिलालेख दुसरा असेल असं मला वाटत नाही.

मठाच्या ओसरीवर चला, सावली आहे. मुलं मांडी घालून बसली आहेत, पुढ्यात लाकडी पाट्या, पाट्यांवर बारीक धुळीचा थर. बोटाने आकडा काढायचा, तळव्याने पुसायचा. शिंक आली तर तोंड वळवा, नाहीतर कुणाचा तरी भागाकार उडून जाईल. पोथी एकाही मुलापुढे नाही. भास्कराचार्यांनी वयाच्या 36 व्या वर्षी, 1150 साली लिहिलेली ‘लीलावती’ या पोरांना तोंडपाठ आहे. तिच्यात खणलेल्या खड्ड्यांचं एक प्रकरण आहे, रचलेल्या विटांचं एक, करवतीने कापलेल्या लाकडाचं एक: खातव्यवहार, चितिव्यवहार, क्रकचव्यवहार. आज आपण जी गणितं करणार आहोत त्यांचे मूळ आकडे तिथलेच आहेत. फक्त ती पाटीवर सोडवायची नाहीत, अंगावर घ्यायची आहेत.

"पाहुणे, हात बघू." मठातला एक थोराड विद्यार्थी काठी घेऊन येतो. काठीवर चोवीस खाचा आहेत, चोवीस अंगुळं, म्हणजे एक हात. आठ जव पोटाला पोट लावून ठेवले की एक अंगूळ. तो काठी तुमच्या कोपराला टेकवतो आणि हसायला लागतो. तुमचं बोट शेवटच्या खाचेच्या पुढे गेलं आहे. "जमीन घ्यायची असेल तेव्हा तुम्हाला बोलावू, द्यायची असेल तेव्हा ह्याला," असं म्हणून तो शेजारच्या बुटक्या मुलाला पुढे ओढतो. ओसरीभर हशा. म्हणून तर काठी मठाची.

मग तो तुम्हाला एक लाकडी पेटी दाखवतो. आतून एक हात लांब, एक हात रुंद, एक हात खोल. हा घनहात. हात फिरवून कडा मोजा: वर चार, खाली चार, उभ्या चार. लीलावतीत घनहाताची ओळखच बारा कडांची म्हणून करून दिलेली आहे. चार वर्षांचं पोर आत उकिडवं बसवलं तर त्याचं डोकं बाहेर राहतं. पेटी धान्याने काठोकाठ भरली की मगध देशाची एक खारी होते. तिचा सोळावा हिस्सा म्हणजे द्रोण. मातीने भरली तर? उचलून बघा. उचलत नाही ना? आपल्या हिशेबाने दीडशे किलोच्या घरात जाते ती.

हे वजन लक्षात ठेवा. आता खाणीवर जायचं आहे.

खाण म्हणजे गावाबाहेर चाललेलं खणकाम. दुरूनच ऐकू येतं: कुदळीचा ठाक, मग मातीचा भुसभुशीत फसका, मग पुन्हा ठाक. वीस-पंचवीस माणसं आत, तेवढ्याच बायका काठावर आणि वाटेवर. धूळ इतकी की घाम वाहताना गालावर चिखलाचे ओघळ होतात. तुमच्या डोक्यावर एक बाई फडक्याची चुंबळ ठेवते, "दादा, मान ताठ ठेवा, खाली बघू नका," असं बजावते आणि वर मातीची पाटी चढवते. पंधराएक किलो. मान आत जाते. चढण सैल मातीची आहे, पाऊल टाकलं की अर्धं मागे घसरतं. वर गेलात, पाटी उपडी केलीत, हलकं वाटलं, आणि पाटी पुन्हा भरलेली. अशा दहा पाट्या टाकल्या की एक घनहात.

दुपारी काठी घेऊन विद्यार्थी येतो. खड्डा काही चौकोनी नाही. जिथे माती मऊ लागली तिथे खणणारे पुढे गेले, जिथे मुरूम लागला तिथे अडले. लांबी एका जागी 10 हात, दुसऱ्या जागी 11, तिसऱ्या जागी 12. रुंदी 6, 5, 7. खोली 2, 4, 3. तुम्ही गोंधळून त्याच्याकडे बघता. तो शांतपणे बेरजा करतो: लांबीच्या तीन मापांची सरासरी 11, रुंदीची 6, खोलीची 3. आता वाकड्या खड्ड्याच्या जागी एक सरळ खड्डा डोळ्यांपुढे आणायचा. सगळीकडे सारखा रुंद, सारखा लांब, सारखा खोल. तळाचं क्षेत्रफळ 66, गुणिले खोली 3. 198 घनहात.

198 म्हणजे 1980 पाट्या. तुमची मान मान्य करते.

बघा, इथेच चितीचं सगळं रहस्य आहे. चिती म्हणजे अशी आकृती, जी कुठल्याही उंचीवर आडवी कापली तरी आत तेवढाच चौकोन दिसतो, तेवढाच त्रिकोण, तेवढाच काय असेल तो तळ. म्हणून तळ एकदा मोजायचा आणि उंचीने गुणायचा. तळ त्रिकोणी असो, पाचकोनी असो, पद्धत बदलत नाही. शाळेत हे सूत्र आपण एका ओळीत पाठ केलं आणि पुढे गेलो. इथे मात्र एकेक हात खोली म्हणजे 66 घनहातांचा एकेक थर असतो, आणि तो थर कुणाच्या तरी डोक्यावरून वर आलेला असतो.

पलीकडच्या कामावर थोडी भांडणं चालली आहेत. चला, ऐकू या. तिथे बावडी खणली आहे, तोंडाशी 12 हात लांब, 10 हात रुंद, आणि उतरत उतरत तळाशी बरोबर निम्मी, 6 हात आणि 5 हात. खोली 7. माती ढासळू नये म्हणून बाजूंना उतार दिलेला आहे, तेव्हा ही काही चिती नाही. काम देणाऱ्याचा कारभारी म्हणतो, मधलं माप धरा: लांबी 9, रुंदी साडेसात, तळ साडेसदुसष्ट, गुणिले सात. 472 आणि अर्धा. खणणाऱ्यांचा म्होरक्या म्हणतो, छे! वरचं क्षेत्रफळ 120, खालचं 30, त्यांचं मधलं 75, सात पट केलं की 525. दोघंही खरं बोलत आहेत असं दोघांनाही वाटतं आहे. आवाज चढले आहेत. एकाने पागोटं काढून मांडीवर आपटलं आहे.

विद्यार्थी उकिडवा बसतो, जमिनीवरची धूळ तळव्याने सारखी करतो आणि बोट चालवतो. तोंडाचं क्षेत्रफळ 120. तळाचं 30. दोन्ही लांब्यांची बेरीज 18, दोन्ही रुंद्यांची 15, त्यांचा गुणाकार 270. तिन्ही मिळून 420. सहाने भागा, 70. गुणिले खोली सात.

490.

तुम्ही मनात पडताळा घ्या. कारभाऱ्याच्या हिशेबात साडेसतरा घनहात कमी, म्हणजे खणणाऱ्यांच्या 175 पाट्या फुकट गेल्या असत्या. म्होरक्याच्या हिशेबात 35 घनहात जास्त. खरा आकडा दोघांच्या मध्ये आहे, पण बरोबर मध्यावर नाही. कारभाऱ्याच्या आकड्याकडे सरकलेला आहे. बाजू सरळ उभ्या असत्या तर तिन्ही रीतींनी एकच उत्तर आलं असतं आणि भांडणच झालं नसतं. मघाशी अशा दहा पाट्या तुम्ही स्वतः वाहिल्या आहेत, तेव्हा सहाने भागण्याची ती पायरी कुणासाठी आहे हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर ज्यांनी मोजमापाची वाट बघत दिवस काढले आहेत, त्यांना तर नकोच.

भाकरी खाऊन घ्या. कांदा आहे, मीठ आहे. पाणी मडक्यातलं आहे, आणि खाणीवरच्या माणसाला ते जेवढं गार लागतं तेवढं कुठल्याही फ्रीजमधलं लागणार नाही.

उन्हं कलली की गावात परत. एका अंगणात भक्कम ओटा बांधायचा आहे, आतून पोकळ नाही, सगळा विटांचा. 8 हात लांब, 5 हात रुंद, 3 हात उंच. शाळेत जिला तुम्ही इष्टिकाचिती म्हणत होतात, ती आज तुमच्या हाताने उभी राहणार आहे. वीट घ्या. आपल्या विटेपेक्षा बरीच मोठी आहे: 18 अंगुळं लांब, 12 रुंद, 3 जाड. भट्टीची ऊब अजून तिच्यात आहे, आणि तळव्याला तिची लाल भुकटी लागते.

किती विटा लागतील? गवंडी तुमच्याकडे बघतो आहे, गाडीवानाला निरोप द्यायचा आहे. ओटा 120 घनहात. वीट हातांत मोजली तर पाऊण गुणिले अर्धा गुणिले एक अष्टमांश, म्हणजे 3 भागिले 64 घनहात. भागा. 2560 विटा. उंची 72 अंगुळं, विटेची जाडी 3, तेव्हा 24 थर. गाऱ्याची जाडी धरलेली नाही, हे गवंड्याला माहीत आहे.

पण थांबा. 2560 ला 24 ने भागून बघा. एका थराला 106 विटा आणि वर दोन तृतीयांश. गणितातली वीट अशी मोडली तर पाटीवर कुणाला काही वाटत नाही, पण तुम्ही आता गुडघे टेकून पहिला थर लावता आहात. ओट्याची रुंदी 120 अंगुळं. अठराच्या सहा विटा लावल्या, 108 झाली. बारा अंगुळांची फट राहिली. गवंडी न बोलता एक वीट मांडीवर घेतो, वाकसाने तिच्यावर रेघ ओढतो आणि एका घावात तिचे दोन तुकडे करतो, एक बारा अंगुळांचा, एक सहाचा. बाराचा फटीत बसतो. सहाचा तो फेकत नाही, बाजूला ठेवतो. पुढच्या ओळीला पुन्हा फट, पुन्हा एक वीट, पुन्हा सहाचा एक तुकडा शिल्लक. तिसऱ्या ओळीच्या फटीत ते दोन सहाचे तुकडे शेजारी शेजारी बसतात आणि बरोबर बारा भरतात. अशा सोळा ओळींचा एक थर. तीन थर पुरे झाले की बघा: बरोबर 320 विटा, एकही तुकडा उरलेला नाही. अशी आठ आवर्तनं, की ओटा पुरा. 2560. लीलावतीतल्या या उदाहरणात तुकड्यांबद्दल एक अक्षर नाही, आणि तरी ते विटेच्या शेवटच्या तुकड्यापर्यंत जुळतं. मला हे गणित यासाठी फार आवडतं.

ओटा झाला म्हणून उठू नका. घरातल्या दोन बायका माती, शेण आणि भुशाचा काला घेऊन आल्या आहेत. त्यातली थोरली विचारते, "किती हात लिंपायचं गं?" प्रश्न सुनेला आहे, पण उत्तर तुम्ही द्या.

इथे 120 चालणार नाही. ओट्याच्या पोटात काय आहे याच्याशी लिंपणाऱ्या हाताला कर्तव्य नाही, त्याला फक्त कातडी दिसते. ओट्याभोवती एक फेरी मारा: 8 आणि 5 आणि 8 आणि 5, 26 हात. उंची 3. चारी भिंती उलगडून अंगणात अंथरल्या तर 26 हात लांब आणि 3 हात रुंद असा एक पट्टा होईल, 78 चौरस हात. वरची बसायची जागा 40. मिळून 118. खालचे 40 जमिनीला टेकले, ते कुणी लिंपत नाही. पुस्तकी एकूण पृष्ठफळात ते धरतात, इथे धरलेत तर सासूबाई तुमच्याकडे नुसतं बघतील.

आता काल्यात हात घाला. गार, चिकट, थोडा उग्र वास. तळवा भिंतीवरून एका दमात अर्धवर्तुळात फिरवायचा, बोटांचे वळ उठले पाहिजेत. समजा ओटा दुप्पट उंच करायचा ठरला, सहा हात. विटा दुप्पट लागतील, 5120. लिंपण? भिंती 156, वर 40, एकूण 196. दुप्पट नाही. वरची बाजू एकच राहिली. गाडीवानाचं काम जेवढं वाढलं तेवढं या दोघींचं वाढलं नाही. घनफळ आणि पृष्ठफळ एकाच वस्तूची दोन मापं असली तरी ती वेगवेगळ्या माणसांच्या अंगात दुखतात: एक माप मानेत, दुसरं मनगटात.

हात धुऊन घ्या. शेवटचं काम उरलं आहे, सुताराच्या आवारात.

वास आधी येतो, ताज्या कापलेल्या सागाचा. थोडा तेलकट, थोडा चामड्यासारखा. दोन माणसं लांब करवत ओढत आहेत, एक वर उभा, एक खाली, खालच्याच्या भुवयांवर भुसा साचला आहे. खर्र, खर्र. त्या लयीत श्वाससुद्धा बांधले गेले आहेत. खालच्याला जरा सुटका द्या. मूठ धरा, ओढा, आणि वरच्याने ओढली की सोडून द्या. सोडायचं जमणं ओढण्यापेक्षा कठीण आहे.

ओंडका 100 अंगुळं लांब. बुंध्याकडे जाडी 20 अंगुळं, शेंड्याकडे 16. उभे चार काप घ्यायचे आहेत, पाच फळ्या निघतील. मजुरी कशावर? ओंडक्याच्या वजनावर नाही, घनफळावरही नाही. करवत जेवढ्या लाकडातून गेली तेवढ्या पृष्ठावर. जाडी मधली धरा, 18. गुणिले 100, गुणिले चार काप. 7200 चौरस अंगुळं. एका चौरस हातात 576. साडेबारा हात.

तुम्ही कापलेल्या फळीवरून तळवा फिरवता. गुळगुळीत नाही, करवतीच्या दात्यांच्या बारीक तिरप्या रेघा आहेत. मग दुसरी बाजू बघता, तिथेही तशाच. एका कापाने दोन नवे चेहरे उघडे पडले. मजुरी साडेबारा हातांची, आणि जगात नवीन आलेलं पृष्ठ पंचवीस हातांचं. लाकूड मात्र तेवढंच; वाढलं नाहीच, उलट भुशाइतकं घटलं.

पलीकडे विकायचे मोठे फळे रचून ठेवले आहेत, 14 हात लांब, 16 अंगुळं रुंद, 12 अंगुळं जाड. अशा तीस फळ्यांचे 100 निष्क. एक निष्क म्हणजे सोळा द्रम्म, आणि एका द्रम्माच्या कवड्या 1280, तेव्हा हे मोठं घबाड आहे. एक गिऱ्हाईक म्हणतो, मला एवढे दांडगे नकोत. प्रत्येक माप चाराने कमी करा. 10 हात लांब, 12 अंगुळं रुंद, 8 जाड, आणि नग चौदा. काय पडेल? चौदा म्हणजे तीसच्या निम्म्याच्या आसपास, तेव्हा मनात चाळीस-पन्नास निष्क येतात ना? आकडे मांडा. मोठे तीस फळे 140 घनहात. छोटे चौदा, 23 आणि एक तृतीयांश घनहात. बरोबर सहावा हिस्सा. सोळा निष्क आणि दोन तृतीयांश. गिऱ्हाईकाचा चेहरा उजळला आहे.

पण त्याला हे फळे सगळ्या बाजूंनी तासून, तेल लावून हवे आहेत. सुतार तुम्हाला खूण करतो: मोजा. मोठ्या एका फळ्याच्या सहाही बाजू मिळून 33 आणि एक तृतीयांश चौरस हात, तीसांचे झाले 1000. छोट्याचे 17, चौदांचे 238. लाकूड सहाव्या हिश्श्यावर आलं, पण रंधा आणि तेल चौथ्या हिश्श्याच्या अगदी जवळच थांबलं. वस्तू लहान होत गेली की तिचं पोट कातडीपेक्षा झपाट्याने आटतं. सुतार हे सूत्र कुठे शिकलेला नाही. त्याचं तेलाचं भांडं त्याला ते रोज दाखवतं.

ऊन उतरलं आहे. करवतीवाले दुसरा ओंडका चढवत आहेत, आणि चढवताना चौघांची दमछाक झाली आहे. हा अंजनाचा. खानदेशच्या डोंगरातला, लोखंडाशी स्पर्धा करणारा. 32 अंगुळं रुंद, 16 जाड, आणि आडवे नऊ काप. विद्यार्थी काठी तुमच्या हातात देतो आणि स्वतः मागे सरकतो. सगळे तुमच्याकडे बघत आहेत.

आडवा काप म्हणजे जाडी गुणिले रुंदी. 512. नऊ पट, 4608. भागिले 576.

"आठ हात."

विद्यार्थी मान डोलावतो. सुतारही डोलावतो, आणि लगेच कालचाच सागाचा दर सांगतो. करवतीचा खालचा माणूस भुवयांवरचा भुसा पुसतो. "आठ हात बरोबर आहेत हो पाहुणे. पण लाकूड अंजनाचं आहे. कालचा दर कसा चालेल?"

तुम्ही विद्यार्थ्याकडे बघता. तो हात जोडतो. लीलावतीत यावर श्लोक आहे आणि तो त्याला पाठ आहे: विटांचं काम असो, दगडाचं, खणण्याचं की करवतीचं, त्याचं मोल कामकऱ्यांच्या संमतीने आणि मालाच्या मऊपणा-कठीणपणावरून ठरवायचं. आकडा तिथे दिलेला नाही. करवत ओंडक्यावर तशीच आडवी ठेवून ते दोघं खाली बसतात, सुतार समोर बसतो, आणि तुमच्यासाठीही एक पाट सरकवला जातो.